६२ वरून ४८ झाले, म्हणजे हे नापास झाले का?

पत्र थोडक्यात (नाव-गाव काढलंय, ओळख पटेल असे तपशील बदललेत):

"मी ३४ वर्षांची, कोकणात राहते. नऊ महिन्यांपूर्वी हे आंब्याच्या कलमावरून पडले, डी-१२ चा (पाठीतला, छातीच्या भागातला शेवटचा) मणका मोडला, ऑपरेशन झालं पण कमरेखाली दोन्ही पाय गेले आणि लघवी-संडासचा कंट्रोलही गेला. नंतर शहरातल्या रिहॅब सेंटरला तीन महिने काढले. तिथे कागदावर लिहून दिलं, ॲडमिट होताना स्कोअर २२, डिस्चार्जला ६२. आम्ही पेढे वाटले. आता चेकअपला गेलो तर तिथल्याच थेरपिस्टताईंनी घरी कसं काय चाललंय सगळं विचारलं, काही करून दाखवायला लावलं आणि ४८ लिहिले. वर 'एशिया ए' लिहिलंय ते तर पहिल्या दिवसापासून तसंच. तेव्हापासून हे नीट बोलत नाहीत, म्हणतात मी नापास झालो. पेशंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकजण आहे त्याचे ७४ आहेत. सासूबाई म्हणतात घरात बायको असताना त्याने कशाला एवढं करायचं. चुलत दीर म्हणतो स्टेम सेल करून टाकू, चालायला लागेल. सेंटरवाले म्हणतात परत दोन महिने ॲडमिट व्हा, पण त्यासाठी बाग दोन वर्षं करारावर द्यावी लागेल. मी पहाटेपासून सगळं करते, कॅथेटर (लघवी काढायची नळी), अंघोळ, कपडे. एकदा ताप येऊन इन्फेक्शन झालं तेव्हापासून कॅथेटर मीच घालते. माझ्या करण्यामुळेच हे मागे गेले का? मी करणं बंद करू का?"

ताई, दोन्ही कागदांचे फोटो जोडलेत हे फार बरं केलंत. नुसतं ६२ आणि ४८ लिहिलं असतंत तर मी जे काही बोलले असते ते अंदाजपंचेच झालं असतं, कारण या स्कोअरमध्ये बेरजेपेक्षा आतल्या एकोणीस ओळींना जास्त अर्थ असतो. आणि त्या ओळी तुम्हाला कुणी बसून वाचून दाखवलेल्या दिसत नाहीत. (सेंटरमध्ये वेळ नसतो हो. मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून अशा वॉर्डात कितीतरी वर्षं काढली आहेत, डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधं, ॲम्ब्युलन्स यातच सगळं उरकतं, कागद हातात कोंबला जातो आणि झालं.)

तर हा जो स्कोअर आहे त्याला स्किम म्हणतात, स्पायनल कॉर्ड इंडिपेंडन्स मेजर. इस्रायलमध्ये राअनाना म्हणून गाव आहे, तिथल्या लोवेनस्टाइन रिहॅब हॉस्पिटलात डॉ. अमिराम कॅट्झ आणि त्यांच्या टीमने तो १९९७ मध्ये मांडला, आता सगळीकडे वापरतात ती तिसरी आवृत्ती २००७ ची. त्याआधी सगळ्यांना फिम नावाची एकच पट्टी लावायचे, त्यात अठरा गोष्टी आणि त्यातल्या पाच समजणं, बोलणं, आठवण अशा डोक्याच्या. आता मणक्याला मार लागलेल्या माणसाचं डोकं तर ठणठणीत असतं ना, त्यामुळे तिथे पहिल्या दिवसापासून पैकीच्या पैकी, आणि ज्या गोष्टींनी त्याचं आयुष्य खरं बदलतं त्या, म्हणजे लघवी, श्वास, कुशीवर वळणं, त्यात नीट पकडल्याच जात नव्हत्या. म्हणून खास मज्जारज्जूच्या पेशंटसाठी हा वेगळा स्कोअर. स्वतःचं खाणं-अंघोळ-कपडे याला २०, श्वास आणि लघवी-संडास याला ४०, हालचालीला ४०.

१०० पैकी असल्यामुळे घरोघरी एक घोळ होतो. लोकांना ते टक्के वाटतात. दिव्यांग प्रमाणपत्रावर, यूडीआयडी कार्डावर जे टक्के असतात ते जितके जास्त तितकं अपंगत्व जास्त, आणि ४० टक्के किंवा त्यावर असलं की सवलतींना पात्र. स्किमचं बरोबर उलटं, जास्त म्हणजे जास्त स्वावलंबी. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. स्किम ४८ झाला म्हणून कार्डावरचा आकडा हलत नाही, आणि ४८ म्हणजे "४८ टक्के बरा" असंही नाही. घरी कुणी तसं समजत असेल तर एकदा स्पष्ट सांगून टाका.

दुसरी गल्लत 'एशिया ए' ची. ती तपासणी नसांची आहे, टाचणी-कापूस लावून कुठपर्यंत कळतंय, कुठला स्नायू किती हलतोय ते बघतात आणि ए ते ई अशी पायरी देतात. ए म्हणजे गुदद्वाराजवळच्या अगदी शेवटच्या भागातही संवेदना किंवा आकुंचन नाही, म्हणजे पूर्ण इजा. ते नऊ महिने ए च आहे, बरोबर. पण त्याच ए वर तुमचे मिस्टर २२ वरून ६२ वर गेले होते ना? नस एक इंचही हलली नाही आणि माणूस चाळीस गुण वर गेला. म्हणजे ते गुण नसांचे नव्हतेच, शिकण्याचे होते. आणि आता जे चौदा कमी झालेत तेही नसांचे नाहीत, हे मी अंदाजाने म्हणत नाहीये, तुमच्याच कागदावर आहे ते, बघा.

कुशीवर वळणं, उठून बसणं, खुर्चीत हातांवर अंग उचलणं या ओळीला ६ पैकी ६ होते, आजही ६ आहेत. पलंगावरून व्हीलचेअरवर जाणं, २ पैकी २, आजही २. घरात व्हीलचेअर स्वतः चालवणं तसंच. ताकद गेली असती किंवा इजा वर सरकली असती तर या ओळी सगळ्यात आधी पडल्या असत्या. त्या जागच्या जागी आहेत. कमी झालंय ते असं: अंघोळीच्या दोन ओळींत एकेक, पॅन्ट घालण्याचा एक, संडासात बसून स्वतःचं आवरण्याला ४ चे २, घराबाहेर फिरण्याचा एक. हे झाले सहा. उरलेले आठ? एकट्या लघवीच्या ओळीत. ११ चे ३.

डिस्चार्जला ते स्वतः कॅथेटर घालून लघवी काढत होते आणि मधल्या वेळात कोरडे राहत होते, त्याला ११ मिळतात. आता तेच काम तुम्ही करता, त्याला ३. तोच कॅथेटर, तेच भांडं, तेच मूत्राशय. फक्त हात बदलले.

म्हणून "माझ्यामुळे मागे गेले का" याचं उत्तर मी हो पण देणार नाही आणि नाही पण देणार नाही. हा स्कोअर माणूस काय करू शकतो ते विचारतच नाही, रोज काय करतो ते विचारतो. सेंटरला पलंगाची उंची बरोबर, बाथरूमला दांडे, दार रुंद, नर्स बाजूला, तिथे ६२ होते. घरी चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, न्हाणीला उंबरठा, दार अरुंद, पाखाडीच्या पायऱ्या, आणि प्रेमाने धावून येणारी माणसं, इथे ४८ आहेत. ६२ हा वॉर्डातला आकडा होता आणि ४८ तुमच्या घरातला आहे, दोन्ही खरे आहेत. नापास झालं असेल तर तुमच्या न्हाणीचं दार झालं म्हणा हवं तर. आणि हो, चौदाचा फरक म्हणजे मोजण्यातली उन्नीस-बीस चूक म्हणून सोडून देण्यासारखा नाही, अभ्यासकांचा ढोबळ अंदाज असा आहे की चार गुणांचा फरक लहान पण खरा धरायचा आणि दहाचा मोठा. तेव्हा काहीतरी बदललंय नक्की. फक्त ते मणक्यात नाही, तुमच्या पहाटेच्या रुटीनमध्ये आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, बंद करू का. सगळं एकदम बंद करू नका. "आजपासून तुमचं तुम्ही बघा" असं म्हणून बायको बाजूला झाली की माणसाला ती शिक्षा वाटते, आणि तुमचे मिस्टर आधीच नापास झाल्याच्या मूडमध्ये आहेत. शिवाय मला मुळात तो विचारच पटत नाही की स्वावलंबी म्हणजे कुणाचीच मदत न घेणारा. तुमच्या गावात धडधाकट माणूस तरी कलमं एकटा झोडतो का? पत्रात तुम्ही अंघोळ, कपडे, कॅथेटर सगळं एका दमात लिहिलंय, जणू सगळ्याचं वजन सारखं. तसं नाहीये. मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारते: या ओळीमुळे कोण घराला बांधलं गेलंय?

अंघोळ घ्या. दिवसातून एकदा. समजा त्यांना एकट्याने अंघोळ-कपडे करायला सव्वा-दीड तास लागतोय आणि त्यात ते इतके दमतात की मग आंब्याच्या पेट्यांचे फोन करायची, हिशोब लिहायची ताकदच उरत नाही, तर खुशाल तुम्ही मदत करा. तीन गुण गेले तर गेले. तो दीड तास आणि ती ताकद कुठे खर्च करायची हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे, आणि ज्याने ठरवून मदत मागितली तो परावलंबी आहे असं मी तरी म्हणणार नाही, कागद काहीही म्हणो.

पण लघवी? ती दर चार ते सहा तासांनी आहे, रात्रंदिवस, सणासुदीला, मुलांच्या शाळेत मीटिंग असली तरी. म्हणजे तुम्ही घरापासून चार तासांपेक्षा लांब जाऊच शकत नाही, आणि ते तुमच्याशिवाय कुठे जाऊ शकत नाहीत. रत्नागिरीला बाजारात गेलात आणि एसटी चुकली की दोघांचे प्राण कंठाशी. ही ओळ दोघांना बांधते. आणि डी-१२ म्हणजे हात पूर्ण चांगले, डोळे चांगले, एकदा शिकलेलं काम, म्हणजे हे त्यांना जमतंच. अमेरिकेत १९९९ मध्ये मणक्याच्या इजेनंतर काय काय जमायला हवं याची एक मार्गदर्शिका निघाली होती, त्यात डी-१० ते एल-१ या पातळीच्या पूर्ण इजेत लघवी, संडास, अंघोळ, कपडे, पलंग-खुर्ची ट्रान्सफर या सगळ्यांत माणूस स्वतःचं स्वतः करेल असंच धरलंय, साधनं लागतील पण माणूस लागणार नाही असं. तेव्हा ही अवास्तव अपेक्षा अजिबात नाही.

तुम्ही हे काम हातात घेतलंत इन्फेक्शनच्या भीतीने. साहजिक आहे, पूर्वी मणक्याची माणसं लघवीच्या इन्फेक्शनने आणि बेडसोरनेच जायची. पण जरा शांतपणे बघा. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डॉ. जॅक लॅपिडिस नावाच्या युरॉलॉजिस्टने पहिल्यांदा ठामपणे मांडलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक असायची गरज नाही, स्वच्छ पुरतं, आणि मूत्राशय वेळच्या वेळी रिकामं होणं हे जास्त महत्त्वाचं. तुंबून ताणलेलं मूत्राशय इन्फेक्शनला जास्त बोलावतं. म्हणून माझा तुम्हाला उलट प्रश्न आहे: इन्फेक्शन झालं त्या दिवसांत मध्ये किती किती तास जात होते? पाणी किती पीत होते? लघवी लागू नये म्हणून पाणीच कमी पीत होते का, हे तर फारच कॉमन आहे. आणि आता तुम्ही करता तेव्हा तुम्ही बागेत असताना सात-आठ तासांचा गॅप पडतो की नाही? पडत असेल तर तुमचे हात कितीही स्वच्छ असले तरी धोका तोच राहिला, तुमचा जीव मात्र टांगणीला.

कामाला लागायचं तर असं लागा. एक वही घ्या, आठवडाभर फक्त लिहा, किती वाजता काढली, किती मिली आली, मध्ये गळाली का. एका वेळी साधारण पाचशे मिलीच्या आत यायला हवी, वर जात असेल तर वेळ अलीकडे आणायची. ही वही घेऊन युरॉलॉजिस्टकडे जा, कारण परत स्वतःचं सुरू करण्याआधी इन्फेक्शन पूर्ण गेलंय ना आणि मूत्राशयातलं प्रेशर कसं आहे हे त्यांनी बघायला हवं, हे पत्रातून मी सांगू शकत नाही. त्यांनी हो म्हटलं की दुपारची एक वेळ त्यांच्याकडे द्या. फक्त दुपारची. साबणाने हात धुवायचे, जागा धुवायची, जेली, कॅथेटर, भांडं, सगळं एका डब्यात त्यांच्या हाताशी, तुम्ही घरात असा पण खोलीत नको. (खोलीत असलात की तुम्ही "थांबा मी करते" म्हणणारच, मला माहितेय.) ते बसलं की सकाळची द्या, मग संध्याकाळची, रात्रीची सगळ्यात शेवटी. ताप, थंडी, लघवीला घाण वास, रक्त, यातलं काही दिसलं तर थांबा आणि डॉक्टरांना फोन करा, पण एकदा ताप आला म्हणून काम कायमचं स्वतःकडे घेऊन टाकू नका. संडास होण्यासाठी औषध ठेवायची मदत पहिल्यापासून आहे, ती ओळ वेगळी, तिथे ५ गुण तेव्हाही होते आताही आहेत, त्याला आत्ता हात लावू नका, एका वेळी एक आघाडी पुरे.

मग न्हाणी. बाग करारावर द्यायच्या आधी टेप घेऊन दार मोजा. साधी व्हीलचेअर बाहेरून चोवीस-सव्वीस इंच असते, दाराची मोकळी जागा बत्तीस इंच असली की माणूस बोटं न सोलता आत जातो. जुन्या न्हाण्यांना एवढी नसते. दार मोठं करणं नाही जमलं तर अरुंद चाकांची कमोड-शॉवर खुर्ची मिळते, तीच आत-बाहेर नेता येते. उंबरठा फोडायला सासूबाई नाही म्हणतील बहुतेक, मग उतार करा, पण उताराला लांबी लागते, एक इंच उंचीला एक फूट, म्हणजे सहा इंचाच्या उंबरठ्याला सहा फूट. त्यापेक्षा आखूड केलात तर पावसाळ्यात ओल्या खुर्चीसकट मागे कलंडतील. भिंतीला एक आडवा आणि एक उभा दांडा, भिंतीत नीट ग्राऊट केलेला, नुसत्या रावळप्लगवर नको, चिरा ठिसूळ असतो. पलंग आणि खुर्ची एका उंचीला हवेत, पलंग बसका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे घाला, गावचा सुतार एका दिवसात करून देईल. पॅन्टचं म्हणाल तर एक साइज मोठी, इलॅस्टिकची, झोपून कुशीवर वळत घालायची, वळण्याचे ६ पैकी ६ आहेत ना, मग जमणार.

एवढं केलंत आणि लघवीचं जमलं तर हिशोब तुम्हीच करा, चौदातले बारा-तेरा घरबसल्या परत येतात.

हा स्कोअर शहाणा आहे पण आपल्या घरांसाठी केलेला नाही, हेही सांगायला हवं. जमिनीवरून खुर्चीत चढणं याला शंभरात एकच गुण आहे. एक! आपल्याकडे पंगत खाली, पूजा खाली, म्हातारी माणसं खाली बसून बोलणार, पोरं खाली खेळणार. तुमच्या मिस्टरांना तिथे शून्य आहे आणि ६२ असताना पण शून्यच होतं, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मला विचाराल तर पुढच्या वर्षभरात ही एक गोष्ट शिकायला हवी, त्या एका गुणासाठी नाही, तर कधी खुर्चीतून खाली पडले आणि घरात कुणी नसलं तर काय, म्हणून. तसंच गाडीत बसण्याची ओळ आहे, पण तुमच्याकडे कार नाही, तुम्हाला उपयोग बाजूला चाकं लावलेल्या स्कूटरचा. आणि बाहेर शंभर मीटरपेक्षा जास्त जाण्याची ओळ, तिथे लाल माती आणि पाखाडी कोण मोजणार? डांबरी रस्ता असलेल्या गावातला माणूस तेवढ्याच हातांनी जास्त गुण मिळवेल.

त्यावरून तो ग्रुपवरचा ७४ वाला. त्याचे ७४ कुठून आले तुम्हाला माहीत नाही. त्याची इजा अर्धवट असेल, लघवीची जाणीव शिल्लक असेल, त्या एका ओळीतच १५ पर्यंत मिळतात. काठीवर चालत असेल. हा आकडा ज्याचा त्याच्याशी लावायचा असतो, आजचा कालच्याशी, फार तर त्याच पातळीच्या, तितकीच इजा असलेल्या माणसाशी. मिस्टरांना सांगा ग्रुपवर राहा पण आकडे टाकू नका, त्यापेक्षा विचारा की बाबा तू एसटीने कसा जातोस, प्रवासात कॅथेटर कुठे करतोस. ते जास्त कामाचं.

चालण्याबद्दल बोलल्याशिवाय सुटका नाही. दिराला वाटतं चालले की सगळं सुटलं. कागद काय म्हणतो बघा: घरात व्हीलचेअर स्वतः चालवली तर २, वॉकर किंवा कुबड्यांवर उड्या घेत चालले तर ४. घरातलं, अंगणातलं, बाहेरचं अशा तिन्ही ओळी चालून केल्या तरी सहा गुण वाढतात. लघवीची एक ओळ आठ देते. मी कॅलिपरच्या (पाय ताठ धरून ठेवणारे पट्टे) विरोधात नाही, उभं राहिल्याने बरं वाटतं, घरात चार पावलं टाकता येतात, फिजिओ म्हणत असतील तर करा. पण डी-१२ ची पूर्ण इजा असताना कॅलिपरवर गावभर फिरणं खांद्यांना झेपत नाही, शेवटी बहुतेक लोक लांबच्या कामाला खुर्चीच घेतात, आणि त्यात हरण्यासारखं काही नाही.

स्टेम सेलला (मूळ पेशी टोचण्याचा उपचार) मात्र माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असंच आहे. आपल्या देशात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मणक्याच्या इजेवर स्टेम सेल ही मान्य ट्रीटमेंट नाही, फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येते आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. कुणी लाखांत पॅकेज सांगत असेल तर एवढ्यावरूनच ओळखा. दिराला एवढीच हौस असेल तर त्याला न्हाणीचा खर्च करू दे.

परत दोन महिने ॲडमिट? मी आत्ता नाही म्हणेन. तिथे गेलात तर स्कोअर पुन्हा साठीत जाईल याची मला जवळजवळ खात्री आहे, आणि त्याच न्हाणीत परत आलात की पुन्हा घसरेल याचीही. आधी घर. मग सेंटरला फोन करून विचारा की आठ-दहा दिवसांची छोटी ॲडमिशन देता का, फक्त दोन गोष्टींसाठी, स्वतः कॅथेटर आणि जमिनीवरून खुर्ची. बरीच सेंटर्स देतात पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मुंबईत हाजीअलीला सरकारी ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, १९५५ पासूनचं, तिथेही दाखवून बघा, खासगीच्या मानाने खर्च कमी. खुर्ची, कमोड खुर्ची वगैरेसाठी केंद्राची एडिप योजना आहे, समाजकल्याणला चौकशी करा. बाग करारावर देणं हा शेवटचा पर्याय ठेवा, कारण ती बाग म्हणजे त्यांचं कामही आहे, फवारणी कधी, खत किती, गडी कोण, हे सगळं खुर्चीत बसूनही त्यांचंच डोकं चालवतंय ना? ते हातातून गेलं तर दिवसभर करायचं काय?

त्यांच्या गप्प बसण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. नऊ महिन्यांत माणूस खचणं नेहमीचं आहे, त्यात तो आकडा निमित्त झाला. झोप, भूक गेली असेल, जगून काय उपयोग असली भाषा येत असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात. आणि तो ४८ चा कागद त्यांच्यासमोर ठेवून या ओळी तुम्ही वाचून दाखवा, मी लिहिलंय तसं, कुठले गुण शाबूत आहेत ते आधी. त्यांना पुण्याजवळच्या सैनिकांबद्दल सांगा हवं तर, खडकीला कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅब सेंटर आहे, तिथे व्हीलचेअरवरची माणसं आयुष्य काढतात आणि खेळतात पण. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पण हे जपून, रोज उठून "बघा ते कसे" केलंत तर चिडतील, आणि योग्यच चिडतील.

सासूबाईंना वाद घालून पटणार नाही. त्यांना एवढंच विचारा, मी चार दिवस माहेरी गेले तर तुम्ही कराल का हे? त्यांच्या वयाला रात्री दोनला उठणं झेपणार नाही, मग विषय आपोआप पुढे जातो.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं, कारण अशी पत्रं बऱ्याच घरांतून येतात. वरचं सगळं डी-१२ साठी आहे, हात चांगले असलेल्यासाठी. मानेतली इजा असेल तर हिशोब पूर्ण वेगळा, तिथे चमच्याने स्वतः जेवणं हा मोठा पल्ला असतो आणि कॅथेटर दुसऱ्याने घालणं हे अपयश नाही. इजा डी-६ किंवा त्याच्या वर असेल तर अचानक डोकं फुटल्यासारखं दुखणं, चेहरा लाल, घाम आला तर आधी बसतं करा, घट्ट कपडे सैल करा, लघवी तुंबली का बघा आणि ताबडतोब दवाखाना, तिथे बीपी जीवघेणं चढतं. आणि कुणाचाही स्कोअर पडला तर माझ्यासारखं लगेच घराकडे बोट दाखवण्याआधी एवढं तपासा की जखम झाली आहे का, खांदे दुखतायत का, पाय जास्त आखडतायत का, पूर्वी जिथे कळत होतं तिथे आता कळेनासं झालंय का. शेवटचं असेल तर उशीर नको, एमआरआय लागू शकतो.

ताई, पुढच्या चेकअपला स्कोअर लावायच्या आधी थेरपिस्टताईंना दोन गोष्टी विचारा. एक, हे करून दाखवल्यावर लिहिताय की विचारून, कारण दोन्हीत फरक पडतो. दोन, प्रत्येक ओळीचा मागचा आणि आजचा आकडा शेजारी शेजारी लिहून द्याल का. बेरीज नाही लिहिली तरी चालेल म्हणावं. आणि प्रश्न विचारतील तेव्हा उत्तर मिस्टरांना देऊ दे, तुम्ही बाहेर चहा घ्या.